दिघोरीच्या वाटेवर लागलेला लाल दिवा

विलासनं मला फसवलं. विलास म्हणजे साताऱ्याबाहेर हायवेला जुन्या गाड्या विकणारा दलाल, आणि मी साताऱ्यात भांड्यांचं दुकान चालवणारी बाई. दोघंही भाव करून पोट भरणारे, त्यामुळे आमचा व्यवहार सरळ होईल अशी अपेक्षा मलाही नव्हती. पण त्यानं जे केलं ते व्यवहारात बसत नाही. ते मला कळलं भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाच्या काठावर, भर दुपारी, मुलगी गाडीत बसलेली असताना.

लग्नानंतर बारा वर्षं मी डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरले. जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलची भांडी द्यायची. दोन साड्या आणि एका पँटवर समोरची बाई डबा मागायची, मी वाटी दाखवायची, आणि अर्ध्या तासानं दोघी पातेल्यावर यायचो. त्यातून दुकान झालं. हातात येईल ती वस्तू वाजवून बघायची सवय तिथली. गाडी घेतानाही मी तिचा सगळा पत्रा बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिला. मागच्या दोन दारांवर लांबी, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा, भरून रंग दिलेला होता, तो आवाजावरून पकडला आणि भाव पाडला. मग तासभर गाडी पळवून पाहिली. इंजिन किती तापलं ते दाखवणारी सुई मधोमध उभी होती ती शेवटपर्यंत हलली नाही. विलास म्हणाला, "सुई बघा ताई. जागची हलत नाही." ती सुई दाखवूनसुद्धा मी त्याला आणखी खाली आणला. शेवटी तो म्हणाला, "तुमच्यापुढे हात टेकले." त्या रात्री मी घरी फार खुशीत जेवले.

गाडी घेतली ती स्वातीसाठी. माझी एकुलती एक मुलगी दिघोरीला दिलेली, लाखांदूर तालुक्यात. दिलेली म्हणजे तिनंच पुण्याला शिकताना ठरवलं. जावई वैभव शिकून परत गावी गेला आणि धानाची शेती करतो. स्वातीला सातवा लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं. माझ्या वेळी आई मला एसटीतून घेऊन गेली होती. मला बसायला जागा मिळाली, आई सगळी वाट उभी होती. माझी मुलगी माझ्या गाडीतून येईल, हे मी तेव्हापासून नाही तरी बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलं होतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो, मी आणि माझे यजमान शशिकांत. गाडी मीच चालवते. त्यांना वेगाची भीती वाटते, आणि मला दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसायची.

भंडारा

मधला प्रवास सांगण्यासारखा नाही. हायवे सगळीकडे सारखाच. नागपूर मागं पडलं आणि जमिनीचा रंग बदलला. आमच्याकडे या दिवसांत ऊस उभा असतो आणि नजर उसालाच अडते. इथे भात कापून झालेला होता आणि जमीन थेट आभाळापर्यंत उघडी पडली होती. मधेमधे धानाचे रचून ठेवलेले ढीग, घराएवढे. त्यांना इकडे पुंजणे म्हणतात.

भंडाऱ्यात पितळेची भांडी बघितल्याशिवाय पुढे जाणं मला शक्य नव्हतं. एका गल्लीत हातोड्यांचा आवाज ऐकून गाडी लावली. साठीचा एक कारागीर पाण्याच्या पितळी गुंडाला शेवटचे ठोके देत होता. मी एक घागर उचलली, वाजवली आणि भाव विचारला. त्यानं सांगितला. मी निम्मा सांगितला. त्यानं माझ्या हातातून घागर घेतली, जागेवर ठेवली आणि परत ठोके द्यायला लागला.

"अहो, बोला तरी काही," मी म्हटलं.

"बोललो न मी एकदा," तो म्हणाला.

बारा वर्षं पाटी वाहिली, पण असं कुणी मला गप्प केलं नव्हतं. घागर त्याच भावात घेतली. शशिकांत गाडीत बसेपर्यंत हसू दाबून होते.

तेव्हाच एक गोष्ट त्यांनी बोलून दाखवली होती. दिवसभर उन्हातून आलो, घाट चढलो, ट्रॅफिकमध्ये अडकलो, आता तर गाडी अर्धा तास बंद उभी होती. पण चावी फिरवताच सुई उठली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. "रंगवल्यासारखी आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, गाडी चांगली असली की असंच असतं. खरं तर मलाही ती सुई त्या क्षणी आवडली नाही. भिंतीवरच्या फोटोतला माणूस आपल्याकडे बघतो तशी ती बघत होती.

दिघोरी

रात्री साकोलीला लॉजवर राहिलो आणि सकाळी दिघोरीला निघालो. धुकं इतकं होतं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे की शेतं, कळत नव्हतं. थंडीत आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी सुरेख चालली.

स्वातीचं सासर तोंडभर बोलणारं आणि ताटभर वाढणारं. आमच्याकडे भाकरी खाऊन वर थोडा भात घेतात. इथे भातच जेवण. मी पहिल्या दिवशी पोळी मागितली तर विहीणबाईंनी करून दिली, पण माझी तब्येत बरी आहे का, असं स्वातीला आत जाऊन विचारलं. लाखोरीच्या डाळीचे वडे आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा असा होता की दुसऱ्या दिवसापासून मीच पोळीचं नाव काढलं नाही.

गावोगावी मंडईचे दिवस होते. मंडई म्हणजे दिवाळीनंतर भरणारी जत्रा. आज या गावात, उद्या त्या गावात. दिवसा बाजार आणि दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, रात्रभर नाटकं. ज्या गावात मंडई, तिथे आसपासची गावं रिकामी होऊन जातात. पाहुणे येतात, लेकी येतात, राहिलेली लग्नंही जमतात.

विहीणबाईंचा आणि माझा वाद एकाच गोष्टीवर. त्या म्हणाल्या, "इहीनबाई, पोरीले रेल्वेनं न्या न. वरठीवून बसलं का थेट साताऱ्याले उतरते. गाडीत हादरे बसतेत."

"आमच्या गाडीत हादरे बसत नाहीत."

"गाडीत नाई बसत त रस्त्यात बसतेत."

वैभव म्हणाला, "मम्मी, जाऊ दे ना, त्या ऐकणार नाहीत." मग मला म्हणाला, "मामी, गाडी एकदा साकोलीत दाखवून घेऊ का? माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे." मी नाही म्हटलं. अनोळखी गावात, पाहुणी बाई आणि लांबची नंबरप्लेट, म्हणजे मिस्त्रीला दसराच. नसलेला बिघाड काढून दाखवतात. दुकानदार आहे मी, मला माहीत आहे. सुई दाखवली त्याला. विषय तिथेच मिटला.

तिसऱ्या दिवशी स्वातीची ओटी भरून निघायला बारा वाजले. विहीणबाईंनी तिच्या पाठीमागे दोन उशा लावल्या, आणि गाडी वळेपर्यंत त्या दारात हात जोडून उभ्या होत्या. मला वाटलं निरोपाचा नमस्कार. नंतर लक्षात आलं, त्या आमच्याकडे बघतच नव्हत्या. गाडीकडे बघत होत्या.

पार

साकोलीचा नेहमीचा रस्ता मधल्या दोन दिवसांत खोदून ठेवला होता म्हणून आतल्या रस्त्यानं निघालो. खड्डे चुकवत दुसऱ्या गिअरवर जावं लागत होतं. जाताना धुकं होतं, आता ऊन होतं, आणि वारा अजिबात नव्हता. अर्ध्या तासात एक सायकलसुद्धा दिसली नाही. मग एक तलाव लागला. रस्ता त्याच्या बांधावरूनच जातो. बांधाला इकडे पार म्हणतात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली कापलेल्या बांध्या, म्हणजे आपली भाताची खाचरं. पाण्यावर एक तरंग नव्हता. पक्षी होते, पुष्कळ होते, पण एकही आवाज करत नव्हता.

"आई, ते लाल काय लागलंय?" स्वाती मागून म्हणाली.

मी पाहिलं. मीटरमध्ये सुईच्या खाली काळी जागा होती, तिथे लाल चित्र पेटलं होतं. एक उभी काडी, तिच्या बाजूला दाते, आणि खाली पाण्याच्या दोन लाटा. इतके दिवस गाडी चालवली, पण तिथे काही चित्र आहे हेच मला माहीत नव्हतं.

शशिकांत वाकले. त्यांनी काचेवर नखानं टकटक केलं. दिवा गेला नाही. "पाण्याचं तापमान," ते म्हणाले. "इंजिन तापलंय."

"सुई मधे आहे."

"दिवा लागलाय ना पण."

"मग दिवा बिघडला असेल. सुई कधी खोटी बोललेली नाही. साकोलीत बघू." मी गाडी पुढे काढली.

शंभर पावलं गेलो असू. दिवा लुकलुकत नव्हता, नुसता जळत होता. आवाज नाही, काही नाही. स्वाती पुढे झुकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचा हात गार होता. "आई, थांब." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर मी ऐकलं नसतं. मी थांबले.

चावी फिरवून काढून घेतली. मीटर सगळं काळं झालं. सुई झोपली. तो एक दिवा राहिला. चावी माझ्या मुठीत होती, तिचे दाते मला टोचत होते, आणि दिवा जळत होता. मग निखाऱ्यावर राख चढत जावी तसा तो हळूहळू काळवंडला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

बॉनेट उघडलं तर आतून जळक्या रबराचा वास आला आणि तोंडावर झळ बसली. कुठेतरी पाणी चुळबुळत होतं, चुलीवरचं आधण विसरावं तसं. मी पदर हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"हात नोका लावू, बाई. तोंड भाजन."

मागे एक म्हातारा उभा होता. उघडं अंग, खांद्यावर टॉवेल, हातात फावडं. तो पारेवरून आला असता तर दिसला असता, एवढा रस्ता सरळ होता. मग कळलं, खाली पाणी सोडायच्या दारापाशी बसला होता. तो तिथला पाणकर. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत किती सोडायचं हे बघायचं काम त्याच्या घराण्याकडे.

"थंडी होऊ द्या. अर्धा घंटा. मंग पाणी टाका," तो म्हणाला. "जळका वास खालवर आला मले."

शशिकांतनी वैभवला फोन लावला. दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. वैभव म्हणाला, मिस्त्रीला घेऊन तासाभरात येतो. आमच्याजवळ पाण्याची एकच बाटली होती, ती स्वातीसाठी ठेवली. पाणकर म्हणाला, "गाव हे काय, समोर. बादली आना कोनाच्याई घरून. मानूस नाई भेटनार. सारे मंडईले गेले."

मी गेले. एकटीच गेले, कारण मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तिथे ओरडण्यासारखं कुणी नव्हतं.

त्या गावात खरंच माणूस नव्हता. घरांची दारं उघडी. आमच्याकडे जत्रेला जाताना कुलूप ओढून बघतात, शेजाऱ्याला सांगतात, परत येऊन पुन्हा कुलूप ओढतात. इथे एका ओट्यावर सुपात अर्धे पाखडलेले तांदूळ तसेच होते. एका घरात टीव्ही चालू होता, आवाज बंद केलेला, आणि त्यातली बाई समोरच्या रिकाम्या खाटेला काहीतरी समजावत होती. चुलीतून धूर येत होता. कोंबड्या होत्या, पण त्या माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पळाल्या नाहीत.

"आहे का कुणी?" मी हाक मारली. जशी बारा वर्षं मारली तशी, पोटातून. माझीच हाक गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आली.

समोरच्या अंगणात, दारापासून चार पावलांवर, निळी बादली होती. हजारो अंगणांत मी न बोलावता गेलेली आहे. कुत्री अंगावर आली, बायकांनी हाकललं, तरी गेलेली आहे. त्या अंगणात मला पाऊल टाकता आलं नाही. भीती वाटली असं म्हणणार नाही. घरात माणसं आहेत आणि ती माझं काम होईपर्यंत श्वास धरून थांबली आहेत, असं वाटलं. मी रिकाम्या हातानं परत आले.

पाणकरानं माझे रिकामे हात पाहिले. खालून स्वतःची बादली घेऊन आला, पण पाण्यात बुडवायच्या आधी थांबला.

"कोनाच्या नावानं?"

"कसलं नाव?"

"पाणी कोनाच्या नावानं घेता? इथं बिननावाचं पाणी नाई सोडत मी. माह्या बापानं नाई सोडलं."

"गाडीसाठी हवंय बाबा. गाडीला कसलं नाव."

"गाडी काय पाणी पेते? अंदर कोन बसलं हाये, थे सांगा."

माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, अहो, सरकारी तलाव, बादलीभर पाणी, आणि तुम्ही सातबारा मागताय. शशिकांतनी माझा हात धरला. म्हातारा बादली धरून उभाच. भंडाऱ्याच्या त्या कारागिरासारखा, एकदा बोलून झालेला.

"स्वाती," मी म्हटलं. "माझ्या मुलीच्या नावानं."

"आन दुसरं?"

स्वाती गाडीतून उतरलेली नव्हती. मागच्या काचांना पडदे होते. मी त्याच्याकडे बघत राहिले. "त्याला अजून नाव नाही," मी म्हटलं.

"मंग तसं सांगा."

मी तसं सांगितलं, मोठ्यानं, पाण्याकडे तोंड करून. कुणी बघत असतं तर मला लाज वाटली असती. त्यानं बादली बुडवली. तरंग निघाला तो पार पलीकडच्या काठापर्यंत गेलेला दिसला.

इंजिन निवल्यावर झाकण उघडलं. आत पाणीच नव्हतं. बादली ओतली, तर थोड्या वेळानं गाडीखालून एक ओली रेघ निघाली आणि धुळीतून वळत तलावाकडे गेली.

मिस्त्री

वैभव मिस्त्रीला मोटारसायकलवर घेऊन आला. चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. आल्याबरोबर त्यानं स्वातीला झाडाखाली सावलीत बसवायला सांगितलं, मग बॉनेटमध्ये वाकला. दहा मिनिटं तो एकेक वायर चाचपत होता. मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही.

"ताई, इकडं पाहा," तो म्हणाला. "हा इंजनचा सेन्सर. पाणी किती तापलं ते हा सांगतो. याची वायर कापली आहे, अन् हा रेझिस्टन्सचा बारकासा तुकडा टाका मारून जोडला आहे. म्हणून सुई कायम मधात. इंजन बर्फ असो का आगीत असो, हा एकच गोष्ट सांगते, सारं ठीक आहे."

माझ्या मनात जे आलं ते मी बोलले. "ही वायर तू आत्ता कापलीस."

वैभव म्हणाला, "मामी."

मिस्त्रीला राग आला नाही. त्यानं पान्याच्या टोकानं तो सांधा माझ्याकडे वळवला. "या टाक्यावर धूळ पाहा. तेल पाहा. एवढी जुनी धूळ मी साकोलीवून डब्यात आनली का?"

मी बोट फिरवलं. काळं, चिकट, महिन्यांचं. भांड्याच्या बुडावरची काजळी मी ओळखते. ती एका दिवसाची नसते.

मग त्यानं एकेक दाखवलं. रेडिएटरला खालून चीर होती, ती लांबीनं बुजवून वर काळा रंग मारला होता. दारांवरची लांबी मी पकडली, ही नाही पकडली, कारण तिथे माझं बोट पोचत नव्हतं. पंखा फिरतच नव्हता. सेन्सर कायम "ठीक" म्हणतो म्हटल्यावर पंख्याला फिरायचा हुकूमच मिळायचा नाही. हायवेला वाऱ्यानं इंजिन थंड राहिलं. इथे खड्ड्यांतून, दुपारी, दुसऱ्या गिअरवर, ते उकळलं आणि चीर उघडली. शेवटी त्यानं एक काळी नळी दाखवली. डिझेलची. इंजिनच्या तापलेल्या भागाला टेकून ती मऊ पडली होती, बोट लावलं तर खळगा पडत होता.

"पुढं सारं जंगल आहे," तो म्हणाला. "अजून जराशी चालवली असती त हे फुटलं असतं. मंग डिझेल अन् आग." त्यानं झाडाखाली बसलेल्या स्वातीकडे एकदा पाहिलं. "बरं झालं थांबल्या. पन थांबल्या कशा? वास आला?"

"दिवा लागला," मी म्हटलं.

"कोनता दिवा?"

"लाल. सुईच्या खाली."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "चावी फिरवा. इंजन चालू नोका करू."

मी चावी फिरवली. मीटरमध्ये दिवे लागले. तेलाचा, बॅटरीचा, ब्रेकचा, पट्ट्याचा. "चावी फिरवली का सारे दिवे एक डाव लागतेत," तो म्हणाला. "तपासाले. तुमचा थो लाल कुठं हाये?"

सुईच्या खाली काळं होतं.

त्यानं चार स्क्रू काढले आणि मीटर बाहेर ओढलं. मागच्या बाजूला छोट्या दिव्यांची ओळ. प्रत्येक भोकात एकेक. एक भोक रिकामं. त्यावर काळी टेप चिकटवलेली, कडा धुळीनं भरलेल्या. त्यानं टेप नखानं सोलली आणि भोक मला दाखवलं. आतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"गाडी विकनाऱ्यानं दिवाबी काढून घेतला," तो म्हणाला. "इथं लागाले काही नाहीच."

शशिकांत म्हणाले, "आम्ही तिघांनी पाहिला."

मिस्त्रीनं वाद घातला नाही. त्यानं मला गाडीपाशी उभं केलं, शशिकांतना पारेच्या एका टोकाला नेलं, आणि मग झाडाखाली स्वातीकडे गेला. दोघांनाही त्यानं एकच सांगितलं, पाहिलं ते धुळीत बोटानं काढून दाखवा. मी लांबून बघत होते. शशिकांत उकिडवे बसले होते. स्वाती एका हातानं पोट सावरून वाकली होती.

मग त्यानं मला दोन्ही चित्रं दाखवली. उभी काडी. बाजूला दाते. खाली दोन लाटा.

"दिवा लागल्याबिगर हे चित्र दिसत नाई," तो म्हणाला. "काळ्यावर काळं असते." आणि हत्यारं गोळा करायला लागला. मी विचारलं, म्हणजे काय समजायचं? तो म्हणाला, "मी गाडीचा मिस्त्री आहो ताई. नसलेला दिवा काहून लागला, हे मले नका विचारू." त्यानं सांगितली ती मजुरी मी दिली. भाव केला नाही.

पाणकर कधी गेला ते कुणी पाहिलं नव्हतं. खाली दारापाशी त्याची बादली उपडी ठेवलेली होती आणि फावडं नव्हतं.

वरठी

गाडी ओढून साकोलीला नेली. ती अजून तिथेच आहे. दोन दिवसांनी आम्ही वरठीच्या स्टेशनवर उभे होतो. पलीकडे पोलादाच्या कारखान्यातून पाळी सुटलेली माणसं सायकली आणि मोटारसायकलींवरून जात होती. विहीणबाईंनी डब्यात भात दिला होता. मी गाडीचं काय झालं ते त्यांना सगळं सांगितलं होतं, दिव्यासकट. मला वाटलं त्या म्हणतील, मी सांगितलं नव्हतं का? त्यांनी फक्त विचारलं, "पाणी घेतलं तवा नाव सांगतलं न?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, जसं काही मी दाराला कडी लावली का एवढंच विचारलं होतं.

स्वाती सुखरूप आली. आतल्या खोलीत झोपली आहे. मी हे दुकानात बसून लिहिते आहे.

परत आल्यावर विलासला फोन केला. पहिल्यांदा त्यानं उचलला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही ज्या भावात मागितली त्या भावात तशीच मिळते." त्यानंतर उचललेला नाही. त्याच्या बोलण्यावर मी विचार केला. भाव मी पाडला, खूप पाडला, ते खरं आहे. त्याला परवडत नसेल तर नाही म्हणायचं होतं. भंडाऱ्याच्या त्या पितळवाल्यानं म्हटलं, आणि मी मुकाट्यानं पैसे मोजले. विलास, चिरलेला रेडिएटर चिरलेला म्हणून विकला असतास तरी मी घेतला असता आणि बदलला असता. तू मात्र धोका दाखवणारा दिवा काढलास, भोकावर टेप लावलीस आणि मला म्हणालास, सुई बघा.

मला पैसे परत नकोत, विलास. गाडी परत घे असंही म्हणत नाही. दुकान सकाळी दहाला उघडतं. ये, पायरीवर उभा राहा. मी स्वातीला बाहेर बोलावते, तिच्यासमोर सांग की तो दिवा तू काढलास आणि का काढलास. त्या दुपारी तो लागला कसा, हे मी तुला विचारणार नाही, कारण ते तुलाही ठाऊक नाही. पण काढला कुणी, ते तुला ठाऊक आहे. त्याचं उत्तर दे.